अठरा झाली, आता पुढे काय?

"अठरा पूर्ण झाली, शाळेने दाखला हातात दिला. आता पुढे काय?" बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकीला हे विचारलं जातं, आणि बहुतेक पालकांना उत्तर म्हणून अशा मुलांना काम देणाऱ्या एखाद्या कार्यशाळेचा पत्ता हवा असतो. पत्ता देते. पण तुम्ही विचारलंत म्हणून एकदा स्पष्ट सांगते, हा प्रश्न चौदाव्या वर्षी विचारायचा असतो.

चौदाव्या वर्षी वर्गात अजून दुसरीचं पुस्तक चालू असेल, तर ते बंद करायला सांगा. त्या वेळात दाढी करणं, पॅड बदलणं, पैसे देणं शिकवता येतं. बेरीज येत नाही म्हणून पैशांचं अडत नाही. दुकानदार "चौतीस" म्हणाला की दहाच्या तीन नोटा आणि वर आणखी एक दहाची, मग सुटे परत मिळेपर्यंत काउंटर सोडायचा नाही.

पण कार्यशाळेत मुलगा टिकतो की नाही, ते बसवर ठरतं. वडील वर्षभर स्कूटरवरून सोडतात. मग त्यांची ड्युटी बदलते, गुडघे बोलायला लागतात, आणि काम येत असूनही मुलगा घरी बसतो.

बस शिकवताना शेवटापासून सुरुवात करा. आधी फक्त उतरून कार्यशाळेच्या फाटकापर्यंत त्याने एकट्याने चालायचं, बाकी सगळं तुम्ही. ते जमलं की उतरणं, मग तिकीट, मग चढणं, बस ओळखणं सगळ्यात शेवटी. रोजचा शेवट त्याच्या हातून होतो, म्हणून उमेद टिकते. स्टॉप मोजायला शिकवू नका. रिकाम्या स्टॉपवर बस थांबत नाही आणि मोजणी चुकते. खूण द्या: पेट्रोल पंप दिसला की उठायचं.

आता शेजारी बसलेल्या आईकडे नीट बघा. पंप जवळ आला की तिची मान हलते, ती पर्स खांद्याला लावते. मुलगा उठतो. तिला वाटतं, जमलं. तो खिडकीबाहेर बघतच नव्हता, पर्सकडे बघत होता. म्हणून आईने आधी दोन सीट मागे बसायचं, मग बसच्या मागून रिक्षाने यायचं, मग फक्त उतरायच्या स्टॉपवर उभं राहायचं. एक पायरी सलग पाच दिवस बिनचूक झाली तरच पुढची.

आणि आई मागच्या सीटवर असते, त्या दिवसांतच त्याला एकदा चुकू द्यायचं. पंप आला, तो उठला नाही, तरी हाक मारायची नाही. दोन स्टॉप गेल्यावर त्याला कळतं. तो उभा राहतो, ओरडतो, कधी रडतो, लोक विचारतात "कुणाचा आहे हा?", आणि मागच्या आईने तेव्हा गप्प राहायचं असतं. हे क्रूर आहे, असं पालकांनी मला तोंडावर सुनावलंय. कठीण आहे, मान्य. पण गणपतीत रस्ते बंद होऊन बस भलतीकडून वळते, तेव्हा तो एकटाच असणार आहे. खिशातलं कार्ड कंडक्टरला दाखवायचं (नाव, दोन फोन नंबर, "मला बोलायला वेळ लागतो") आणि घाबरून खाली उतरायचं नाही, हे तुम्ही मागे असतानाच पक्कं व्हायला हवं.

कागदांचं थोडक्यात. बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र अठराव्या वर्षी पुन्हा तपासून घ्या. अज्ञान (म्हणजे अठराखालचा) म्हणून काढलेलं बँक खातं अठराला अडकतं. नव्याने केवायसी आणि त्याची स्वतःची सही किंवा अंगठा लागतो.

कायदेशीर पालकत्वाबद्दल, म्हणजे अठरानंतर त्याच्या वतीने निर्णय कोणी घ्यायचे याबद्दल, मात्र मी दोन्ही बाजूंनी वाद घातलेला आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. त्या पालकाला सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा मर्यादित पालकत्व सांगतो: ठरावीक निर्णय, ठरावीक काळ, तो आणि पालक दोघांनी मिळून. जो एकटा बसने जाऊन पगार आणतो, त्याची सही कायमची वडिलांकडे द्यायची? न द्यावी, तर आजोबांच्या घरातला त्याचा हिस्सा उद्या कोण राखणार? मला याचं सरसकट उत्तर देता येत नाही. अर्ज भरण्याआधी त्याला शेजारी बसवा. पुढे कोणाकडे राहायला आवडेल, हे फोटो समोर ठेवून का होईना, विचारा. बरेचदा तो मावशीच्या फोटोवर बोट ठेवतो, आणि घरच्यांनी अर्जात भावाचं नाव लिहिलेलं असतं.