काकींचे प्रश्न

गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात मी स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी समुपदेशनाचं काम करते. पावसाळ्यात एकदा वाळपईकडच्या एक काकी मुलासोबत आल्या आणि उभ्याउभ्याच म्हणाल्या, "बाय, तिसऱ्या स्टेजला गेलंय सगळं. आता औषधं कशाला?"

मुलाने रात्रभर मोबाइलवर वाचलं होतं. बायोप्सीच्या, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीच्या, कागदावर 'ग्रेड 3' दिसलं आणि घरात रडारड झाली. हे वरचेवर घडतं आणि दर वेळी जीव तुटतो. कागद घरी पोचतो, तो समजावणारं माणूस पोचत नाही.

कागद मध्ये ठेवून एकेका ओळीवर पेन्सिल फिरवली. ग्रेड म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कशा दिसतात, किती वेगाने वाढतात ते. स्टेज ठरते गाठीच्या आकारावरून, काखेतल्या गाठींवरून, आजार दुसरीकडे पोचलाय का त्यावरून. त्या तपासण्या तर व्हायच्याच होत्या! पुढे ईआर पॉझिटिव्ह होतं, म्हणजे गाठ इस्ट्रोजेन या संप्रेरकावर वाढणारी. म्हणून मुख्य उपचारांनंतर काही वर्षं रोज घ्यायच्या गोळीचा उपयोग होणार. हर-टू हे पेशींवरचं प्रथिन; ते निगेटिव्ह, म्हणून त्यावरची वेगळी इंजेक्शनं नकोत. मुलगा वहीत लिहून घेत होता.

"सुई लावली की पसरतं म्हणतात," काकी हळूच म्हणाल्या. तसं होत नाही, आणि बायोप्सीशिवाय कुठलं औषध द्यायचं तेच कळत नाही, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. पर्समध्ये दीनदयाळ या सरकारी आरोग्य विमा योजनेचं कार्ड होतं. ते कुठे दाखवायचं तेही मुलाला समजावलं.

तेवढ्यात तपासणीला आलेल्या एक डिचोलीच्या बाई दिसल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचं ऑपरेशन झालंय. मी विचारताच त्या आनंदाने आत आल्या. भिंतीवर बोटं चालवत हात डोक्याच्या वर नेऊन दाखवला, "हा व्यायाम सोडायचा नाही हां!" काकींनी विचारलं, "केस?" त्यांनी आपली वेणी पुढे घेतली. माझ्या तासाभराच्या बोलण्याने झालं नव्हतं ते तिथे झालं. काकी खुर्चीत नीट टेकून बसल्या.

तपासण्या आल्या, स्टेज दुसरी निघाली. आधी केमो, मग शस्त्रक्रिया असं ठरलं. काकींनी डॉक्टरांपुढे वही उघडली. पहिला प्रश्न गणेश चतुर्थीच्या करंज्यांचा, "चवथीला नेवऱ्या करायला जमतील?" डॉक्टरांनी कॅलेंडर ओढलं. केमोनंतर आठवडा-दीड आठवड्याने जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा गर्दी नको, ताप आला तर रात्रीसुद्धा यायचं. चवथ तिसऱ्या आठवड्यात, पेशी सावरू लागल्यावर येत होती. "करा," ते म्हणाले, "पण तळायला सुनेला बसवा."