पुलावरची पंधरा मिनिटं

२०१९ च्या पावसाळ्यात दरड कोसळली आणि मी उत्तराखंडातल्या धारचुल्यात दोन दिवस अडकलो. खिडकीखाली काली नदी, पलीकडे नेपाळचं दार्चुला, मध्ये झुलता पूल. १८१६ च्या सुगौलीच्या तहानं नदीला सीमा केलं खरं, पण बाजाराला ते कोण सांगणार!

पुलावर समोरून एक बाई रिकामा डबा हलवत आली. तासाभरानं तीच परत निघालेली दिसली, डबा तेलानं गच्च, पाठीवर मिठाची गोणी. दर चार पावलांनी डब्याचा हात बदलायची.

पलीकडे मी छत्री घेतली आणि ऐटीत पाचशेची नोट काढली. दुकानदारानं मान हलवली. शंभरापेक्षा मोठ्या भारतीय नोटा नेपाळनं आदल्याच वर्षी बंद केल्या होत्या. (बातमी वाचलेली, पण खिशापर्यंत पोचली नव्हती.) शंभराच्या मात्र खुशाल चालल्या. आपल्या एका रुपयाचे त्यांचे १.६, हा हिशेब त्यानं बोटंही न मोडता केला.

संध्याकाळी पुलाचं फाटक बंद करतात. नेपाळचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे, म्हणून दुकानदाराला विचारलं, "कुठल्या वेळेनं?"

"चावी ज्याच्याकडे, त्याच्या."