आमची वाटचाल: आवाज येतोय का?

सोलापूरच्या नव्या पेठेतल्या, व्हिडिओ मीटिंगच्या यंत्रणा बसवणाऱ्या आमच्या दुकानाच्या काचेवर पिवळ्या रंगातलं ‘एसटीडी-आयएसडी-पीसीओ’ अजून पुसट दिसतं. ब्लेडनं खरवडलं, थिनर लावून पाहिलं, गेलं नाही. शेवटी नाद सोडला. १९९८ साली मी आणि माझा आयटीआयमधला दोस्त, दोघांनी तिथं बसायला सुरुवात केली. पीसीओ रोजच्या गल्ल्यासाठी होता, खरं काम ईपीएबीएक्सचं, म्हणजे ऑफिसातल्या अंतर्गत फोन एक्स्चेंजचं. दोस्ताला सगळे अण्णाच म्हणत. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, अक्कलकोटकडच्या लाइनमनशी कन्नड. हात असा की शंभर पेअरची, म्हणजे तारांच्या शंभर जोड्यांची केबल सोलून रंगांप्रमाणे तारा लावायला बसला की चहा आला तरी मान वर नाही.

फोनच्या तारा जोडपट्टीत ठोकून बसवायचं क्रोन कंपनीचं पंचिंग टूल आम्ही मुंबईहून आणलं होतं, अस्सल जर्मन. तार खाचेत बसते, ‘खट्’ आवाज होतो आणि जास्तीची तार त्याच दणक्यात तुटून पडते. नकली टूलनं तार बसते, पण सहा महिन्यांनी सोलापूरचा उन्हाळा आणि गिरणीतला कापूस मिळून त्या जोडात खरखर आणतात. मग ग्राहक म्हणतो मशीन खराब. हे टूल लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

२००४ मध्ये टॉवेलवाल्या एका मोठ्या समूहाचं बोलावणं आलं. अक्कलकोट रोडला आणि चिंचोलीला मिळून चार युनिट, मुंबईला ऑफिस, माल सगळा परदेशात जायचा. थोरले मालक दर पंधरवड्याला सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाऊन वैतागले होते. त्यांना ‘टीव्हीवर बसून मीटिंग’ पाहिजे होती. गावात हे काम कुणी केलं नव्हतं, आम्हीही नाही. पण ईपीएबीएक्स आमचं होतं, म्हणून विचारलं आम्हालाच. आम्ही ‘हो’ म्हणालो आणि घरी येऊन रात्री मॅन्युअल वाचायला घेतलं.

तेव्हा हे आयएसडीएनवर, म्हणजे डिजिटल फोनलाइनीवर चालायचं. एका लाइनीत ६४ केबीपीएसचे दोन चॅनल, अशा तीन लाइनी एकत्र बांधल्या की ३८४. पॉलिकॉम कंपनीचं व्ह्यूस्टेशन हे व्हिडिओ मीटिंगचं यंत्र बसवलं. चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. आजचा पोरगा बघून हसेल. त्यात सहा चॅनल म्हणजे सहा कॉल, म्हणून एका तासाच्या मीटिंगला एसटीडीचं बिल सहापट. मालकांनी पहिलं बिल पाहिलं, खिशातून रेल्वेची जुनी तिकिटं काढून शेजारी ठेवली, हॉटेलचा खर्च मिळवला आणि म्हणाले, ‘चालू द्या.’

चित्र पहिल्या दिवशी लागलं. आवाजानं मात्र तीन आठवडे खाल्ले. मुंबईचे लोक म्हणायचे, आमचं बोलणं आम्हालाच परत ऐकू येतं, तुमची मुंबईकडची लाइन बघा. आम्ही लाइन तपासतोय, लाइनीच्या टोकाचा एनटी-वनचा डबा बदलतोय, अण्णा क्रोन परत पंच करतोय. शेवटी ट्यूब पेटली. ज्याला स्वतःचा आवाज परत येतो त्याच्याकडं दोष नसतो, दोष समोरच्या खोलीत असतो. म्हणजे आमच्या. सोलापूरची बोर्डरूम म्हणजे खाली ग्रॅनाइट, एका बाजूला काच, वर पीओपी. मुंबईचा आवाज आमच्या स्पीकरमधून निघून भिंतीवर आपटायचा आणि आमच्याच माइकमधून परत जायचा. मशीन प्रतिध्वनी कापतं, पण इतक्या घुमणाऱ्या खोलीत तेही हात टेकतं.

समूहाच्या ईडीपी म्हणजे संगणक विभागाचे प्रमुख होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी विचारलं, ‘घुमणं कशानं कमी होतं?’ मी म्हटलं, जाड पडदे, गालिचा, असं काहीतरी. काका उठले, गोडाऊनमध्ये फोन केला, अर्ध्या तासात दोन माणसं टॉवेलचे गठ्ठे घेऊन हजर. निर्यातीतून परत आलेला सेकंड माल. आधी एका भिंतीवर चादरी लावून पाहिल्या, थोडा फरक पडला. मग टेरी टॉवेल दुहेरी करून लावले. मुंबईहून पहिलं वाक्य आलं, ‘तुम्ही खोली बदलली का?’ पुढं त्यावर कापडाचे पॅनल चढले, पण आत टॉवेलच आहेत. आजही आहेत.

तो माणूस नसता तर ही फर्म नसती. काकांनी कधी बिल अडवलं नाही आणि कधी एक रुपया जास्तही दिला नाही.

त्यानंतर नऊ-दहा वर्षं बरी गेली. आयएसडीएन जाऊन लीज्ड लाइन, म्हणजे कायम जोडलेली भाड्याची लाइन आली, नेटवर्कवरून व्हिडिओ कॉल करायची एच.३२३ ही पद्धत आली, दोन बँका आणि तीन साखर कारखान्यांची कामं मिळाली, व्हॅन घेतली. सांगण्यासारखं एवढंच.

२०१४ ला आम्ही बुडता बुडता राहिलो.

समूहात धाकटी पिढी आली होती, सगळ्या युनिटना एचडी यंत्रणा बसवायची ठरली. काका म्हणाले, ‘धरून चाला.’ आता ‘धरून चाला’ म्हणजे ऑर्डर नव्हे, हे पंचेचाळिशीच्या माणसाला कळायला पाहिजे होतं. डीलरची स्कीम महिनाअखेर संपत होती. आम्ही दोन सेट उचलले, पावणेसात लाखांचे, बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे उचल मर्यादा, शेवटपर्यंत ताणून. मग कळलं की निवड समिती बसणार आहे आणि पुण्याची एक मोठी फर्म डेमो देणार आहे.

त्यांचा डेमो मी दाराशी उभा राहून पाहिला. पासष्ट इंची स्क्रीन, शिवाय सूट घातलेला मुलगा. समोर पुण्याचं त्यांचं शोरूम, तिथं टेबलावर ठेवलेल्या सफरचंदावरचं स्टिकर दिसत होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण कॉल कंपनीच्या लाइनीवर नव्हता, त्यांनी सोबत आणलेल्या वेगळ्या कनेक्शनवर होता. आम्ही दुसऱ्या दिवशी डेमो दिला तो कंपनीच्याच चार एमबीपीएसच्या लाइनीवर, चिंचोली युनिटमधल्या सुपरवायझरच्या केबिनशी, मागं लूम चालू असताना. जिथं वापरायचं तिथलंच दाखवावं असं मला वाटलं. चित्र अर्थात तितकं चकचकीत नव्हतं. समितीतले एक जण म्हणाले, ‘सोलापूर ते सोलापूर एवढंच का?’

काम पुण्याला गेलं. आमचे दोन सेट खोक्यात. बँकेचा फोन दर सोमवारी. पहिल्यांदा व्हॅन विकली. मग अण्णा म्हणाला, ‘बे, आपण वायरिंगवाले. ह्या कॅमेऱ्याच्या नादाला तू लावलंस.’ त्याचं खोटं नव्हतं. मार्चअखेर हिशेब केला, त्याच्या वाट्याचं जे निघालं ते हप्त्यांनी द्यायचं ठरलं, आणि तो हैदराबादला मेहुण्याकडं गेला. जाताना टूलबॉक्स घेऊन गेला. त्यात क्रोन होतं.

जूनमध्ये एका सकाळी सव्वादहाला काकांचा फोन. ‘मालक, कुठं आहात? अकराला जर्मनीचा बायर आहे आणि चित्र गोठतंय.’ पुण्याच्या फर्मचा इंजिनिअर हुतात्मा एक्स्प्रेसनं येणार, म्हणजे रात्री. मी स्कूटरवर गेलो. जाऊ नये असं बायको म्हणत होती, बरोबरच म्हणत होती. सर्व्हररूममध्ये पाहिलं तर मुंबईला जाणारा ईआरपीचा, म्हणजे कंपनीच्या कारभाराच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप दहाला सुरू होत होता आणि अख्खी लाइन पिऊन टाकत होता. डेमोच्या वेगळ्या कनेक्शनवर हे दिसणारच नव्हतं. राउटरवर आवाजाला ४६ आणि चित्राला ३४ ही खूण लावून प्राधान्य ठरवलं: आधी आवाज, मग चित्र, उरेल ते बॅकअपला. दहा वाजून पन्नास मिनिटांनी चित्र हललं. बायरनं नव्या नमुन्याच्या टॉवेलची किनार कॅमेऱ्याजवळ धरायला सांगितली, धागा मोजला, ऑर्डर दिली.

मी बिल दिलं नाही. चूक केली. फुकट दिलेलं काम लोक काम समजत नाहीत. दोन वर्षांनी समूहाचा मोठा कार्यक्रम झाला, स्टेजवर बोलावून पुण्याच्या फर्मचा सत्कार केला, शाल नव्हे, सोलापुरी चादर पांघरून. मी सातव्या रांगेत होतो. आमच्या गावची चादर, आणि आवाज अडवणारे टॉवेल आमच्या हातचे. असो.

पण मेंटेनन्सचा करार त्या जूननंतर आमच्याकडं आला, पाचही ठिकाणांचा. त्यातूनच बँक फिटली. खोक्यातले दोन सेट एका साखर कारखान्याला गेले, पडत्या भावानं.

२०२० बद्दल सगळ्यांनी इतकं सांगितलंय की मी थोडक्यात आटपतो. २४ मार्चला लॉकडाऊन जाहीर झाला आणि लाखालाखाच्या यंत्रणा कुलुपात. सगळे घरून झूमवर, चाळीस मिनिटं झाली की मीटिंग तुटायची, परत लिंक. एप्रिलमध्ये गृह मंत्रालयानं झूम सुरक्षित नाही असं कळवलं, तेव्हा धाकट्या मालकांनी रात्री दहाला फोन करून ‘उद्या सकाळपर्यंत सगळं बदला’ असं सांगितलं. आम्ही म्हटलं, आज रात्री पासवर्ड घाला, वेटिंग रूम चालू करा, सगळे आले की मीटिंग लॉक करा. बदलायचं ते महिन्यानं ठरवू. नंतर टीम्सवर गेले, कारण मेल आधीच मायक्रोसॉफ्टकडं होती. जुन्या एच.३२३च्या डब्यांना टीम्सची लिंक थेट उघडता येईना, तेव्हा तेही भंगारात गेले. पॉलिकॉम २०१८ मध्ये प्लँट्रॉनिक्सकडं गेली, २०२२ मध्ये एचपीकडं. याच धंद्यातली टँडबर्ग त्याआधीच सिस्कोनं घेतली होती. कंपन्यांची नावं बदलली, आमच्या पाटीवर तेवढा रंग दिला.

नवीन यंत्रणा घेणाऱ्यांना एवढंच सांगेन, न विचारता. सॉफ्टवेअर कुठलं यावर तीन मीटिंगा घालवू नका, लिंक शेवटी बायरच पाठवतो. बोर्डरूममध्ये कुठलीही लिंक उघडेल एवढं बघा. डाउनलोडचा आकडा दाखवणाऱ्याला अपलोड विचारा. एका खोलीच्या चांगल्या चित्राला तीन-चार एमबीपीएस पुरतात, पण ते मीटिंगच्या वेळी मोकळे असले पाहिजेत. वायफाय पाहुण्यांना द्या, खोलीतल्या यंत्राला वायरच. आवाज पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागला की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि मग भांडण भावाचं आहे की लाइनीचं हे कळत नाही. मालकांची खुर्ची खिडकीकडं पाठ करून ठेवू नका, चेहरा काळा दिसतो. सोलापुरात लाइट जाते. स्क्रीनला यूपीएस देतात आणि नेटवर्कच्या स्विचला विसरतात. आणि डेमो घ्याल तो स्वतःच्या लाइनीवर, सकाळी अकराला घ्या.

आता आमच्याकडं सहा मुलं आहेत. मीटिंगच्या आधी वीस मिनिटं मुलगा खोलीत पाहिजे आणि समोरच्याकडून ‘आवाज येतोय’ ऐकल्याशिवाय हलायचं नाही, हा नियम काकांनी घालून दिलेला. काका निवृत्त झाले. मागच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या सुमारास त्यांचा फोन आला, नातवाशी बोलताना कर्णकर्कश शिट्टी येते म्हणून. एकाच खोलीत लॅपटॉपवरून काका आणि मोबाइलवरून काकू, दोघांचे माइक चालू. एक बंद करायला सांगितलं. या वेळी मात्र बिल मागितलं, शेंगाच्या चटणीचा एक डबा. तो पोचला.

अण्णाचे हप्ते २०१७ ला फिटले, एकही चुकवला नाही. तो हे वाचेल असं वाटतं, त्याच्या पुतण्याला पाठवणार आहे. अण्णा, फायबर आलं तरी जुन्या युनिटमध्ये अजून दोनशे पेअर क्रोनवर आहेत, आणि बाजारात मिळणाऱ्या टूलला तो ‘खट्’ नाही. दुकान तिथंच आहे. येताना टूल घेऊन ये.