मुखत्यारपत्र होतं, तरी कोर्टात का गेले

"रजिस्टर्ड कुलमुखत्यारपत्र होतं तुझ्याकडे, मग बाबांसाठी हायकोर्टात कशाला गेलीस?" आत्या विचारते, सोसायटीतले विचारतात, मेलबर्नहून भाऊ अजून विचारतो. तिकडे एन्ड्युरिंग पॉवर ऑफ अटर्नी असते. करून देणाऱ्याचं भान गेलं तरी ती चालते. आपल्याकडे उलटं. भारतीय करार कायदा 1872, कलम 201: देणारा वारला किंवा त्याचं भान हरपलं की मुखत्यारी संपली. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी त्याची रद्दी.

मला हे बँकेत कळलं. स्ट्रोकनंतरचा अकरावा दिवस. बिलासाठी बाबांची एफडी मोडायची होती. काउंटरवरच्या बाईंनी शिक्के पाहिले, फॉर्म पुढे ओढला आणि सहज विचारलं, "आता बरे आहेत ना?"

"कोमात आहेत."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बोललीसच कशाला?" आत्या म्हणाली. त्या रात्री मी स्टँप पॅड घेऊन आयसीयूत गेले. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांचा अंगठा धरून शाईवर दाबला. हात गरम होता, नख वाढलेलं. फॉर्मवर टेकवणार, तेवढ्यात आठवलं, हा माणूस गॅसची पावतीसुद्धा वाचल्याशिवाय सही करत नसे. नाही टेकवला. सिस्टरनी स्पिरिटने पुसलं, तरी नखाच्या कडेला जांभळी रेघ चार दिवस होती.

मग याचिका. 2017चा मानसिक आरोग्य कायदा उपचारांपुरता. मिळकतीचं त्यात काही नाही. कोमातल्या माणसाला पालक नेमायला वेगळा कायदाच नाही, म्हणून संविधानाच्या अनुच्छेद 226खाली थेट हायकोर्टात जावं लागतं. डॉक्टरांची तपासणी, भावाची ना हरकत, मिळकतीची यादी. तोवर बिल माझ्या पाटल्यांवर भागलं. "इस्टेटीसाठी कोर्टात गेली" म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं. पै-पैचा हिशेब मी कोर्टाला देते.

पण खरं सांगायचं तर स्ट्रोकच्या आधी वर्षभर बाबा मला कधीकधी आईच्या नावाने हाक मारायचे. तेव्हाही त्याच कागदावर मी भाडेकरार केला, भाडं घेतलं. त्यांना समजतंय, असं स्वतःला बजावत होते. सकाळी समजायचंही. संध्याकाळी? बँकेत मी खरं बोलले, हे मी फार अभिमानाने सांगत आले. त्या वर्षात मात्र मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही.

'करिता, कुलमुखत्यार' म्हणून तेव्हा केलेल्या सह्यांची फाइल कपाटात आहे. वकिलांनी मागितली नव्हती. मी दिली नाही.