अठरा ऑगस्टचा फळा

आमचं वाचनालय विजयदुर्गाकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे, ड वर्गाचं, दोन खोल्या आणि एक पडवी. पडवीत एक काळा फळा टांगलाय आणि त्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहिणं हे ग्रंथपाल म्हणून माझं काम, पगारात बसत नाही पण बसवून घेतलंय. एसटीची वाट बघणारे लोक पुस्तकं वाचत नाहीत, फळा मात्र वाचतात, आणि चुकलं तर आत येऊन सांगतात. बरोबर असलं तरी सांगतात हे त्या अठरा ऑगस्टला कळलं.

फळा लहान आहे, सहा ओळी मावतात, सातवी लिहिली तर पागोळ्यांच्या पाण्याने पुसली जाते. आणि अठरा ऑगस्ट म्हणजे गर्दीचा दिवस हो. थोरल्या बाजीरावांचा जन्म १७०० चा, विष्णु दिगंबर पलुस्करांचा १८७२ चा, विजयालक्ष्मी पंडित १९००, गुलजार १९३४, संदीप पाटील १९५६, आणि १९५१ ला याच तारखेला खरगपूरच्या आयआयटीचं उद्घाटन. नुसते वाढदिवस लिहायचे तर फळा भरला. पण मला वाढदिवसांचा कंटाळा येतो, जन्माला येण्यात माणसाचं स्वतःचं काही कर्तृत्व नसतं, म्हणून मी शक्यतो घडलेलं लिहिते. त्या दिवशी लिहिलं ते असं, १८६८ खग्रास सूर्यग्रहण, गुंटूर आणि इतर ठिकाणांहून सूर्याच्या वर्णपटात पिवळी रेषा दिसली, पुढे ती हेलियम वायूची ठरली. मग १८७७ मंगळाचा चंद्र फोबॉस सापडला. १९२० अमेरिकेत बायकांच्या मताधिकाराला टेनेसी राज्याची मंजुरी. १९४५ तैहोकू इथे नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या विमानाला अपघात. १९९१ सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्ह क्रिमियात नजरकैदेत. आणि सहावी ओळ बाजीरावांना दिली कारण आमचे कार्यवाह नाहीतर दिवसभर बोलले असते.

पाऊस सकाळपासून धो धो. नऊच्या सुमारास तात्या आले, ते रोज पेपर वाचायला येतात, वय ऐंशीच्या पुढे, पूर्वी मचव्यावर होते. फळा वाचून म्हणाले, "पेशव्याचा नाव कित्याक गो?" मी म्हटलं जन्मदिवस आहे. "त्याच्या झिलान इंग्रजांक हाताशी धरून आंग्र्यांचा आरमार जाळल्यान, हयसरच, विजयदुर्गात!" आता १७५६ ची गोष्ट, नानासाहेब पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचं भांडण, पण तात्या असे बोलतात की कालच धूर बघून आलेत. मुलाचं पाप बापाच्या नावावर टाकू नका म्हटलं तर गप्प बसले, पेपर घेतला.

त्यांच्या पाठोपाठ एक गृहस्थ आले, एसटीतून उतरलेले, मी ओळखत नाही, आणि नेताजींच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले हे पुसा. मी विचारलं काय चुकलंय. तर म्हणे नेताजी त्या विमानात गेलेच नाहीत. मी म्हटलं ते वारले असं मी लिहिलंच नाहीये, अपघात लिहिलाय, निधन लिहिलेलं नाही. हे मुद्दामच तसं लिहिते मी. शाहनवाज समिती झाली १९५६ ला, खोसला आयोग झाला, दोघांनी सांगितलं की तैहोकूला म्हणजे आताच्या तैपेईला विमान पडलं आणि भाजल्यामुळे ते गेले, मग मुखर्जी आयोगाने उलटं सांगितलं आणि सरकारने तो निष्कर्ष मान्य केला नाही, आणि टोकियोच्या रेंकोजी मंदिरात अस्थिकलश अजून आहे. माझं स्वतःचं मत विचाराल तर अपघाताचा पुरावा भक्कम वाटतो, सोबत असलेले हबीबुर रहमान वाचले होते आणि त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं. पण फळ्यावर माझं मत लिहायला कोणी खडू दिलेला नाही. ते गृहस्थ थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले निदान "कथित" तरी लिहा, मी म्हटलं जागा नाही. ते खरंच होतं.

खरा गोंधळ साडेदहाला. तळेऱ्याकडून शाळेची गाडी आली, सातवी-आठवीची मुलं, विजयदुर्गाला निघालेली. अठरा ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिन साजरा करतात, भाषणं होतात, मुलांना साहेबाचे ओटे दाखवतात. आमच्याकडे सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट अशी की १८६८ च्या ग्रहणात नॉर्मन लॉकयर नावाच्या साहेबाने किल्ल्यावरच्या त्या ओट्यांवर दुर्बीण लावली आणि हेलियम शोधला. तर पुढे रस्त्यात झाड पडलं होतं, जेसीबी येईपर्यंत गाडी थांबली, आणि बाई मुलांना घेऊन आमच्या पडवीत. ओल्या छत्र्या, दप्तरं, पोह्यांचे डबे, कोपऱ्यात कोणीतरी उलटी केली, असो.

त्यातली एक मुलगी, चष्मा, दोन वेण्या, हातात कार्डशीटचा चार्ट, ती फळ्यासमोर उभी राहून मोठ्याने वाचायला लागली आणि पहिल्याच ओळीवर थांबली. "बाई, इथे गुंटूर लिहिलंय." बाई म्हणाल्या चुकून लिहिलं असेल. मी आतून ऐकलं आणि बाहेर आले. आता पाहुण्यांसमोर, तेही मुलांसमोर, बाईंना खोटं पाडायचं नव्हतं मला, पण ती मुलगी थेट माझ्याकडे बघत होती आणि तिचं भाषण होतं याच विषयावर, पाठ केलेलं, स्पर्धा होती किल्ल्यावर.

म्हणून सांगितलं. लॉकयर १८६८ च्या ऑगस्टमध्ये भारतात नव्हते. त्या ग्रहणाला गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते, मच्छलीपट्टणला पॉगसन होते, आणि आपल्या बाजूला म्हणाल तर जमखंडीला लेफ्टनंट हर्शेल होते. ती पिवळी रेषा त्या दिवशी बऱ्याच जणांनी पाहिली आणि बहुतेकांना ती सोडियमची वाटली, मिठाच्या ज्योतीत दिसते तीच. जान्सेननी काय केलं, रेषा इतक्या झळझळीत आहेत तर ग्रहण नसतानाही दिसतील असं म्हणून दुसऱ्या दिवशी, एकोणीस तारखेला, उघड्या सूर्याकडे यंत्र लावलं आणि दिसल्या. लॉकयरनी तीच युक्ती इंग्लंडमध्ये बसून स्वतंत्रपणे २० ऑक्टोबरला साधली. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच बैठकीत वाचली गेली, मग फ्रेंच सरकारने १८७२ ला दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. पिवळी रेषा सोडियमची नाही हे लॉकयरनी धरून ठेवलं, नाव दिलं, आणि रसायनवाले पुढे सत्तावीस वर्षं त्यांना हसले. १८९५ ला रॅम्से नावाच्या रसायनज्ञांनी युरेनियमच्या एका खनिजातून निघालेल्या वायूत तीच रेषा पाहिली तेव्हा हेलियम पृथ्वीवर सापडला.

"मग ओटे?" ती म्हणाली. रडायच्या बेतात होती असं नाही, चिडली होती.

ओट्यांचं सांगितलं. लॉकयर विजयदुर्गाला आले हे शंभर टक्के खरं, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. त्यांच्या निरीक्षणांचा रीतसर अहवाल छापलेला आहे, त्याच्या नावातच विजयदुर्ग आहे. मेल्पोमीनी नावाची आरमारी बोट बंदरात आली होती आणि तिच्या खलाशांना त्यांनी दुर्बिणी आणि कॅमेऱ्यांच्या मदतीला शिकवून उभं केलं होतं. पुण्याच्या प्राध्यापक नेगमवालांनी तेच ग्रहण जेऊरहून पाहिलं. ओटे त्या मोहिमेचे असणंच पटतं.

बाई आता गंभीर झाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, सगळीकडे असंच छापलंय, पाटीवरही, पेपरातही. तुम्ही एकट्या वेगळं सांगताय." आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. मोबाईलवर अहवालाचं नाव काढून दाखवलं, पण रेंज गेली, पान अर्धवट उघडलं, आणि अर्धवट उघडलेल्या पानाचा पुरावा कोण मानतो.

तेवढ्यात तात्या. पेपर खाली ठेवला आणि त्या मुलीला म्हणाले, "बाय, ऑगस्टात हयसर सूर्य कधी बघलंस काय गो?" सगळी पोरं बाहेर बघायला लागली. बाहेर समोरचं चिऱ्याचं दुकान दिसत नव्हतं. "गिराण बघूक सायेब पावसात कित्याक येतलो? आणि येतलो कसो? तेवा पावसात आगबोटी बंद असायच्यो. जानेवारीत येतलो, आभाळ निवळ, दर्या शांत."

मी इतकी वर्षं हे वाचून वाचून सांगतेय आणि हा मुद्दा माझ्या तोंडून कधी आला नाही. विलायतेहून जहाजभर यंत्रं घेऊन येणारा माणूस कोकणच्या भर पावसाळ्यात किनाऱ्यावर दुर्बीण लावणार नाही, घाटापलीकडे जाईल, जमखंडीसारख्या कोरड्या मुलखात जाईल. तिथेसुद्धा हर्शेलना मध्ये मध्ये ढगांनी छळलं. बाई हसल्या, पहिल्यांदाच. म्हणाल्या, "हे मला आधी सुचायला हवं होतं, मी मूळची आचऱ्याची, किनाऱ्यावरचीच."

मग झाड निघेपर्यंत वर्गच भरला की. ती मुलगी भाषण खोडून नव्याने लिहायला बसली, इतर मुलं फळ्याच्या बाकीच्या ओळींवर. टेनेसीची गोष्ट मुलींना एवढी आवडली की दोनदा सांगावी लागली. तेव्हा अमेरिकेत अठ्ठेचाळीस राज्यं, घटनादुरुस्तीला छत्तीस हवीत, पस्तीस झालेली, टेनेसीचं सभागृह अडलेलं. विरोधकांच्या कोटाला लाल गुलाब, बाजूने असणाऱ्यांना पिवळा. हॅरी बर्न नावाचा चोवीस वर्षांचा सगळ्यात तरुण सदस्य, कोटाला लाल गुलाब, पण खिशात आईचं पत्र, बायकांच्या बाजूने मत दे म्हणून सांगणारं. त्याने ऐनवेळी होकार दिला आणि प्रस्ताव पास झाला. एक मुलगा म्हणाला आईने ओरडा दिला असता नाहीतर, त्यावर मुलींनी त्याला गप्प केलं. गंमत म्हणजे अमेरिकेत याचा दिवस अठराला नाही, सव्वीस ऑगस्टला पाळतात, कारण वॉशिंग्टनमध्ये सही-शिक्का त्या दिवशी झाला.

फोबॉसचं तर आणखी विचित्र. तो शोधणाऱ्या आसफ हॉल या खगोलवाल्यांना तो अठरा ऑगस्टला पहाटे दिसला, पण त्या वेळच्या खगोलाच्या नोंदीत सतरा तारीख आहे, कारण तेव्हा खगोलवाल्यांचा दिवस मध्यरात्री नाही, दुपारी बारापासून सुरू व्हायचा. रात्रभर निरीक्षण करायचं तर मध्येच तारीख बदलायला नको, सोयीचं होतं त्यांना. तात्यांना हे लगेच पटलं, आमच्या पंचांगात तरी दिवस कुठे मध्यरात्री बदलतो, सूर्य उगवल्यावर बदलतो. आणि गोर्बाचेव्हना अठराला कोंडलं पण जगाला कळलं एकोणीसला, त्यामुळे काही ठिकाणी हीच गोष्ट एकोणीसच्या दिनविशेषात असते. मी स्वतः अशा गोष्टी घडल्या त्या दिवशी टाकते, कळल्या त्या दिवशी नाही. हेलियमचं मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही. अठरा ऑगस्टला रेषा दिसली पण कोणाला कळलं नाही काय दिसलंय, वीस ऑक्टोबरला लॉकयरनी पाहिली, आणि हातात आला तो १८९५ ला. अठराला लिहिते कारण सगळे अठराला वाट बघतात.

साडेबाराला रस्ता मोकळा झाल्याचा फोन आला. मुलं गाडीत चढली, ती मुलगी चार्टवरचं १८६८ खोडायला व्हाईटनर मागत होती, माझ्याकडे नव्हता, मग पांढरा कागद चिकटवून वर १८९८ लिहिलं, जरा वाकडं दिसत होतं. जाताना बाईंनी अहवालाचं पूर्ण नाव वहीत उतरवून घेतलं.

दुपारी कार्यवाह आले. बाजीराव सहाव्या ओळीत का, पहिल्या का नाही, असं विचारलं. सनाप्रमाणे लावलं तर पहिलेच येतात ते, हे त्यांचं खरं होतं, मी म्हटलं उद्यापासून बघू.

संध्याकाळी बाईंचा फोन. कार्यक्रम उशिरा सुरू झाला, भाषण झालं, पोरगी न अडखळता बोलली, पाऊस आणि आगबोटीचा मुद्दा तात्यांच्याच भाषेत मांडला तेव्हा मागच्या रांगेतल्या गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. नंबर आला नाही. परीक्षकांचा शेरा होता, "आत्मविश्वास चांगला, विषय भरकटला." बाईंना राग आला होता, मला हसू आलं. ती मुलगी मात्र बक्षीस समारंभ संपल्यावर परीक्षकांकडे गेली आणि १८६८ च्या अठरा ऑगस्टला विजयदुर्गावर ऊन होतं का, हे कुठे लिहिलंय, असं विचारून आली. ते म्हणाले बघून सांगतो. तिने त्यांचा नंबर घेतलाय म्हणे.