तुम्ही विचारलेत म्हणून : ग्रीक आणि लॅटिनची पाच वर्षे

पुण्याला आले की कोणीतरी आपुलकीने विचारतेच, की वडिलांच्या नोकरीमुळे इटलीत शिकायला मिळाले असताना मी विज्ञानाची शाळा न निवडता ग्रीक-लॅटिनमध्ये पाच वर्षे का घातली, आणि प्राचीनच काही शिकायचे होते तर आपले संस्कृत का सोडले. तोंडी उत्तर नेहमी अर्धवट राहते, म्हणून लिहिते आहे.

माझ्या शाळेच्या प्रकाराला तिकडे ‘लिचेओ क्लासिको’ म्हणतात. चौदाव्या वर्षी तिथे प्रवेश होतो आणि पहिली दोन वर्षे आठवड्याच्या २७ तासांपैकी ५ लॅटिनला व ४ ग्रीकला दिलेले असतात. इतर विषयही असतात. पण शाळेचा जीव असतो तो पूर्वी न वाचलेल्या उताऱ्याचे, जाडजूड शब्दकोश शेजारी ठेवून केलेल्या भाषांतरात.

संस्कृत मात्र सुटले नाही. इटालियन नामांना विभक्ती नाहीत आणि नपुंसकलिंगही उरलेले नाही, त्यामुळे शब्दाचे रूपच त्याचे वाक्यातले काम सांगते, हे वर्गातल्या मुलांना मुळापासून शिकावे लागले. मी तर ‘मुलगा, मुलाने, मुलाला’ म्हणतच मोठी झाले होते. ग्रीकमध्ये द्विवचन भेटले, क्रियेचा रोख कर्त्याकडेच वळवणारे, आत्मनेपदासारखे प्रयोग भेटले, ‘वाहून नेतो’ या अर्थाचे ‘फेरो’ भेटले आणि त्याच्याशेजारी मी वहीत ‘भरामि’ लिहिले. आठवीत नुसते पाठ केलेले व्याकरण मला तिथे पहिल्यांदा समजले.

या शिक्षणात उणिवाही होत्या. व्याकरणाचा भार फार होता, आणि उताऱ्यांमध्ये गुलाम पदोपदी दिसत असूनही त्यांच्या आयुष्याविषयी आमच्या वर्गात फारच थोडे बोलले गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

पण एक उतारा असा आला की त्याच्यासाठी ती पाचही वर्षे मी पुन्हा देईन. इ. स. पूर्व पाचव्या शतकातला इतिहासकार हिरोडोटस आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात सांगतो, की इराणचा सम्राट दारियस याने ग्रीकांना विचारले, किती पैसे दिले तर तुम्ही मेलेल्या बापाचे मांस खाल? कितीही दिले तरी नाही, असे ते म्हणाले. मग त्याने ‘कल्लातिय’ नावाच्या, मृत आईवडिलांचे मांस खाणाऱ्या भारतीयांना बोलावून, ग्रीकांसमक्ष विचारले, की किती पैसे घेऊन तुम्ही बापाला अग्नी द्याल? तेव्हा ते मोठ्याने ओरडले आणि असले अभद्र बोलू नका म्हणून विनवू लागले.

साऱ्या वर्गाने माझ्याकडे पाहिले. मला मात्र वैकुंठ स्मशानभूमीत आजोबांना दिलेला अग्नी आठवत होता. त्या गोष्टीत माझी जागा भारतीयांच्या नव्हे, तर मृतांना अग्नी देणाऱ्या ग्रीकांच्या बाजूला होती, आणि हे बाईंना सांगताना माझा आवाज कापत होता. हिरोडोटस शेवटी पिंडार कवीचा हवाला देऊन म्हणतो, की ‘नोमोस’ सर्वांचा राजा आहे. या शब्दाला इटालियनमध्ये ‘कायदा’ म्हणावे की ‘प्रथा’, यावर वर्गात तास संपेपर्यंत वाद चालला. बाईंनी मला मराठी शब्द विचारला. मी फळ्यावर देवनागरीत ‘रीत’ लिहिले, आणि पुढच्या तासापर्यंत तो कोणी पुसला नाही.