वजनकाट्याच्या पट्टीसाठी थेट ओपन, क्रिएट आणि क्लोज

कोल्हापूरजवळच्या एका वजनकाट्यासाठी पट्ट्या, म्हणजे वजनाच्या पावत्या, नोंदवणारा प्रोग्रॅम मी लिनक्सवर सी भाषेत लिहिला. हंगामात ऊस कारखान्याला जातो, गुऱ्हाळावर जातो, मधूनच उद्यमनगरात निघालेला भंगाराचा ट्रक येतो. गाड्यांची रांग थांबत नाही आणि लाईट मात्र जाते. इंडिकेटरकडून वजनाचा आकडा सिरियल केबलने घेणं सोपं होतं. जास्त विचार फाइलींचा करावा लागला. पट्टी ड्रायव्हरच्या हातात जाण्याआधी नोंद नेमकी कुठवर पोचली हे मला कळायला हवं होतं, म्हणून लायब्ररीची फाइल-फंक्शन्स सोडून थेट सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) केलेल्या सरळ मागण्या, वापरले.

फाइल उघडणाऱ्या ओपन कॉलला फाइलचा पाथ, फ्लॅग (कशी उघडायची) आणि मोड (परवानग्या) द्यायचे. ओ_क्रिएट, म्हणजे नसल्यास फाइल तयार कर, हा फ्लॅग असेल तर तिसरा, म्हणजे मोड, विसरून चालत नाही. या जागी किती आर्ग्युमेंट द्यायची याचं बंधन नसल्याने कंपायलर बहुतेक वेळा काही बोलत नाही. मग प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये पडलेला कुठलाही आकडा परवानगी म्हणून लागतो. फाइल तयार होते, त्या वेळी लिहिताही येतं, कारण मोड पुढच्या ओपनपासून लागू होतो. दुसऱ्या वेळी उघडायला गेलं की अडतं.

मोड दिला तरी त्यातून यूमास्क, म्हणजे प्रोसेसने आधीच नाकारलेल्या परवानग्या, वजा होतो. काट्यावरचा आणि ऑफिसातला लॉगिन एकाच ग्रुपमध्ये ठेवून मला ०६६०, म्हणजे मालक आणि ग्रुप दोघांनाही वाचता-लिहिता येईल असं, हवं होतं. यूमास्क ०२२ असल्यावर फाइल ०६४० ने तयार होते आणि ऑफिसातून दुरुस्ती करता येत नाही. ओपन झाल्यावर लगेच एफचमोडने परवानगी बदलणं हा सरळ उपाय.

क्रिएट हा वेगळा कॉल मी वापरत नाही. तो म्हणजे ओपनच, पण ओ_क्रिएट, ओ_राइटओन्ली आणि ओ_ट्रंक हे तिन्ही फ्लॅग लावून. फाइल आधीपासून असेल तर आतलं सगळं पुसलं जातं. दुपारी प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला आणि दिवसाचं रजिस्टर क्रिएटने उघडलं, तर सकाळच्या सगळ्या पट्ट्या गेल्या. रजिस्टरला ओ_राइटओन्ली, ओ_क्रिएट आणि ओ_अपेंड हेच बरोबर. अपेंडमध्ये प्रत्येक राइटच्या वेळी कर्नल स्वतः शेवट गाठतो, त्यामुळे भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचे दोन काटे एकाच फाइलमध्ये लिहीत असले तरी नोंदी एकमेकींवर चढत नाहीत. फाइल मात्र लोकल डिस्कवर हवी. एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवर, ही हमी नाही.

प्रत्येक पट्टीच्या नंबरची स्वतंत्र फाइल असते, तिथे ओ_क्रिएटसोबत ओ_एक्सक्ल. ‘फाइल आहे का’ हे आधी वेगळं तपासून मग तयार करायची पद्धत मला पटत नाही, कारण त्या दोन पावलांच्या मध्ये दुसरा काटा तोच नंबर घेऊ शकतो. ओ_एक्सक्लने तपासणं आणि तयार करणं एकाच कॉलमध्ये होतं. एरर १७ (फाइल आधीच आहे) आली की नंबर गेला असं समजून पुढचा घ्यायचा.

ओपनकडून मिळालेला डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलचा नंबर, हा मोकळ्यांपैकी सर्वांत लहान आकडा असतो. ०, १, २ इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच घेतलेले असल्याने सहसा ३ पासून सुरुवात होते. पण सर्व्हिस म्हणून चालताना ० बंद असेल तर ओपन ० सुद्धा देतो आणि तो योग्यच आहे. म्हणून तपासणी शून्यापेक्षा कमी आहे का, एवढीच. ती इफमध्ये लिहिताना असाइनमेंटभोवती कंस हवाच. नाहीतर आधी तुलना होते, डिस्क्रिप्टरच्या जागी तुलनेचं उत्तर म्हणजे ० किंवा १ बसतं आणि पट्ट्या स्क्रीनवर जातात.

एरर १३ (परवानगी नाही) आली तर फक्त फाइलची परवानगी पाहून भागत नाही, पाथमधल्या प्रत्येक फोल्डरला एक्झिक्यूटची परवानगी लागते. एरर २४ (उघड्या फाइली फार झाल्या) म्हणजे कुठेतरी क्लोज राहिला. एका प्रोसेसच्या उघड्या फाइलींची मर्यादा बहुतेक ठिकाणी १०२४ असते. दर पट्टीमागे एक डिस्क्रिप्टर गळत असेल तर हजारेक गाड्यांपर्यंत सगळं सुरळीत चालतं, म्हणून टेबलावरच्या चाचणीत हा दोष सापडत नाही. प्रॉक फोल्डरमधल्या प्रोसेसच्या एफडी (फाइल डिस्क्रिप्टर) यादीत आकडा वाढतोय का ते पाहिलं की लगेच कळतं.

पट्टी छापायला दुसरा प्रोग्रॅम सुरू होतो, त्याच्याकडे आपले उघडे डिस्क्रिप्टर वारशाने जातात. ओ_क्लोएक्झेक लावला की जात नाहीत. तो नसेल तर छापणारा प्रोग्रॅम जुनी फाइल धरून ठेवतो आणि ती पुसूनही डिस्कवरची जागा मोकळी होत नाही. डिस्कची वापरलेली जागा दाखवणारा डीएफ एक सांगतो, फाइलींची बेरीज करणारा डीयू दुसरं.

क्लोजबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे क्लोज झालं की नोंद डिस्कवर गेली. तसं नाही. नोंद कर्नलच्या मेमरीत असते आणि डिस्कवर जायला अर्धा मिनिटही लागू शकतो. तेवढ्यात लाईट गेली तर पट्टी ड्रायव्हरच्या हातात आणि नोंद कुठेच नाही. क्लोजच्या आधी एफसिंक, म्हणजे नोंद डिस्कवर जाईपर्यंत थांबणारा कॉल, आणि फाइल नवीन असेल तर तिच्या फोल्डरवरही एफसिंक. दोन्हींचं उत्तर तपासायचं, क्लोजचंही. मात्र लिनक्सवर क्लोजने एरर ४ (सिग्नलमुळे मध्येच अडलं) दिली तर तो पुन्हा बोलवायचा नाही. डिस्क्रिप्टर तोवर सुटलेला असतो आणि प्रोग्रॅमच्या दुसऱ्या थ्रेडला (समांतर चालणाऱ्या भागाला) तोच नंबर मिळाला असेल तर त्याची फाइल बंद होईल.

हे सगळं स्ट्रेस (strace, प्रोग्रॅमचे सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) लावून पडताळलं. तिथे ओपन शोधत बसू नका, जीलिबसी या सी लायब्ररीच्या २.२६ आवृत्तीपासून त्याच्या जागी ओपनएट हा कॉल दिसतो. नव्या पट्टीला ओपनएट, एफचमोड, राइट, एफसिंक, क्लोज, मग फोल्डरचा एफसिंक, आणि त्यानंतरच प्रिंटरचा प्रोग्रॅम सुरू झालेला दिसला पाहिजे.